सहा माउस आणि मोनाली

मोनालीला कुठल्याच यंत्राची भीती वाटत नसे. फवारणीचा पंप अडला की गल्लीतली माणसं आधी पंपाला शिव्या देत आणि मग तिला हाक मारत. त्यामुळे बी.ए.च्या पहिल्या वर्षाला संगणकाचा विषय सक्तीचा झाला आणि अर्धा वर्ग कुरकुरला, तेव्हा ही पोरगी मनातून खूश होती. कधी एकदा त्या खुर्चीत बसते, असं तिला झालं होतं.

साल दोन हजार पाच. कापसाला भाव नव्हता, आणि ज्यांना वावरच नव्हतं त्यांच्या घामाला तर त्याहून नव्हता. मोनालीची आई कांताबाई किसनरावांच्या शेतात वेचणीला जायची. रविवारी मोनालीही जायची. बारावीनंतर कांताबाईने लेकीला रोखठोक सांगितलं होतं, "एक साल शिक. पास झाली तं पाहू. नापास झाली तं चाल माह्यासंगं वावरात." कांताबाईचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, हे मोनाली जाणून होती.

राळेगाव तालुक्यातल्या त्या कॉलेजात संगणकाची खोली म्हणजे देवघर. चपला बाहेर, बोलणं हळू, आणि सहाही यंत्रांवर लाल कापडाची झाकणं. शिपाई विठ्ठलराव दर शनिवारी ती झाकणं धुऊन कंपाउंडच्या भिंतीवर वाळत घालत. शिकवायला होते गावंडे सर. माणूस सज्जन, पण मूळचे इतिहासाचे. दुसरं कोणी मिळेना म्हणून हा विषय त्यांच्या गळ्यात पडला होता. "माउस हे इनपुट देणारे साधन आहे, लिहा," असं ते सांगत आणि पोरं लिहीत. प्रत्यक्ष खोलीत आठवड्यातून एकदा दहा मिनिटं, तेही एका यंत्रामागे आठ जण. ज्याचा हात माउसवर तो राजा, बाकी सगळी प्रजा. मोनालीने पुठ्ठ्यावर कीबोर्ड काढला आणि घरी त्यावर बोटं बसवली. खोलीत मात्र ती कोपर मारून पुढे घुसायची. लाजून शिकता येत नाही, असं तिचं साधं म्हणणं होतं.

डिसेंबरात एकेक माउस रुसायला लागला. पडद्यावरचा बाण नुसता थरथरायचा, डावीकडे म्हणून जायचा नाही. पंधरा दिवसांत सहाच्या सहा बसले. गावंडे सरांनी कुठेतरी वाचलेला शब्द बाहेर काढला आणि व्हायरस आल्याचं जाहीर केलं. झालं, विठ्ठलरावांनी लगेच पोरांना दारातच साबणाने हात धुवायला लावले, आणि झाकणं एक दिवसाआड धुऊन वाळवायचा सपाटा लावला. तरी व्हायरस हटेना.

शेवटी फळ्यावर सूचना लागली. प्रात्यक्षिक परीक्षा यवतमाळला, चार दिवस, जाण्यायेण्याचा खर्च ज्याचा त्याने करावा. मोनालीने ती दोनदा वाचली. ऐन वेचणीत एसटीचं चार दिवसांचं भाडं घरातून निघणार नव्हतं. प्रात्यक्षिक नाही तर विषय गेला, आणि विषय गेला तर वर्ष. तिला भयंकर राग आला. रडणाऱ्यातली ती नव्हती. ती सरळ खोलीकडे गेली. गावंडे सर आणि विठ्ठलराव तिथेच कपाळाला हात लावून बसले होते.

"सर, मले एकडाव पाहू द्या."

"अगं, नागपूरहून माणूस बोलावलाय. तुझं काम नाही ते."

विठ्ठलराव तर आडवेच आले. "बिघडलं तं माह्या पगारातून कापतीन, पोरी."

"काका, चालत तं नाईच हाये. आता अजून काय बिघडन?"

विठ्ठलराव बाजूला सरकले. मोनालीने माउस उचलला आणि उलटा केला. पोटात एक गोळी होती. तिने ती अंगठ्याने फिरवून पाहिली. गोळी अडत होती. पंपाचा वाल्व्ह अडला की लागतं तसंच हाताला लागलं. भोवतीची चकती तिने फिरवून काढली आणि गोळी तळहातावर घेतली. आत दोन बारीक दांड्या होत्या, आणि त्यांच्यावर काहीतरी पांढरं घट्ट गुंडाळलेलं होतं.

तिसरीपासून कापूस वेचणाऱ्या पोरीला ते काय आहे हे कुणी सांगायची गरज नव्हती. तिने खिडकीतून बाहेर पाहिलं. कंपाउंडच्या भिंतीवर लाल झाकणं वाळत होती आणि भिंतीपलीकडे कापसातून सरकी काढणारी जिनिंगची गिरणी धडधडत होती. तिथून उडालेली रुई ओल्या झाकणांवर बसत होती, आणि झाकणांबरोबर आत येत होती.

"सर, व्हायरस नाई. रुई हाये."

नखाने तिने ती रुई सोडवली, गोळी बसवली, चकती फिरवली. बाण सरसर धावला, डावीकडेसुद्धा. विठ्ठलरावांनी आपल्याच हाताने धुतलेल्या झाकणांकडे पाहिलं आणि मान खाली घातली. गावंडे सरांनी तो माउस स्वतः फिरवून पाहिला. मग खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले आणि म्हणाले, "दुसरा उघड. या वेळी मला दाखव." स्वतःला येत नाही हे पोरीसमोर कबूल करायला मोठं मन लागतं, आणि ते त्या माणसाकडे होतं. सहावा माउस त्यांनी स्वतः उघडला. दुसऱ्या दिवशी फळ्यावरची सूचना पुसली गेली, परीक्षा कॉलेजातच झाली, आणि मोनालीने आपला पेपर वेळेआधी टाइप करून दिला.

त्या रविवारी मायलेकी किसनरावांच्या वावरात कपाशीच्या शेजारशेजारच्या ओळींना, तासांना, लागल्या होत्या. मोनालीने सगळी हकीकत सांगितली. कांताबाईचे हात थांबले नाहीत.

"म्हंजे कालेजात जाऊन बी कापूसच येचला तू."

"हो ना, माय."

कांताबाई खुदकन हसली. मग हातातला तास तिने संपवला. शेताच्या बांधावर, धुऱ्यावर, कमरेची कापसाने भरलेली ओटी रिकामी करताना तिने विचारलं, "पुढच्या सालाचा फारम कवा भरा लागते?"

"माय, निकाल लागाचा हाये अजून."

"लागन तो. मास्तर तुह्याजवळ बसून शिकला, अन् तू नापास होशीन काय?" कांताबाईने ओटी झटकून पुन्हा कमरेला बांधली. "तारीख सांगजो मले. त्या रोजी मी कामाले नाई जात. सही जमत नाई, पण अंगठा तं लावतो."

मोनालीला तेव्हा मात्र रडू आलं.