नंदाचा पाय

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचते आहे, आणि खरं सांगायचं तर हसण्यासाठी वाचते. कुणाच्या तरी आत्याच्या नणंदेला पिंपळाखाली कुणीतरी दिसतं, मोटरसायकल आपोआप बंद पडते, आणि शेवटी कळतं की ती बाई तर केव्हाच मेलेली... लिहिणाऱ्याला एक साधी शंकासुद्धा येत नाही. मी दौंडच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. चुकीच्या कपाटात लागलेलं पुस्तक मला अस्वस्थ करतं, भुतं नाही. तरी आज तुमच्याच रांगेत येऊन उभी राहिले आहे. हसणाऱ्यांनी हसावं. तुमच्या जागी असते तर मीही हसले असते.

माझी धाकटी बहीण नंदा (नाव बदललं आहे) गेल्या वर्षी डेंग्यूने गेली. फिजिओथेरपिस्ट होती. दौंडला स्टेशनच्या बाजूच्या एका गल्लीत तिचं लहानसं क्लिनिक होतं. ती जन्मली आमच्या गावी, वडगाव रासाईला, घरातच, आणि डोक्याऐवजी पाय आधी बाहेर आले. म्हणजे पायाळू. आमच्या भागात कुणाच्या कमरेत उसण भरली, वाकताना पाठ धरली, की पायाळू माणसाचा पाय पाठीला लावून घेतात. नंदा चालायला लागल्यापासून आमच्या अंगणात लोक पालथे पडायचे आणि आई तिला उचलून त्यांच्या पाठीवर उभी करायची. लहान होती तोवर तिला मजा वाटे. कळायला लागल्यावर लाज वाटू लागली, आणि कॉलेजात गेल्यावर संताप.

क्लिनिक टाकल्यावरही लोक सोडत नव्हते. रेल्वेतून रिटायर झालेले एक म्हातारे माझ्यासमोर तिला म्हणाले, "म्याडम, ती मशीन नगं. तुम्ही पायाळू हाय म्हनं. नुसता पाय लावा, मी लगीच जातो."

"बाबा, पायच पाहिजे तर बाहेर माझी चप्पल ठेवलीय," नंदा म्हणाली. "ती लावून घ्या आणि जा."

म्हातारे हसले आणि निमूट मशीनखाली झोपले.

आईलाही तिने कधी पाय लावला नाही. आईची कंबर अधूनमधून धरायची. नंदा रविवारी गावी येऊन तिला तास तास चोळून द्यायची, पण आईचं एकच, "एवढं हात दुखवून घेतीस, त्यापरीस एकदा पाय लाव की गं." आणि नंदाचं ठरलेलं उत्तर, "मी डिग्री घेतलीय ती आईला लाथ मारायला नाही." या बाबतीत मी पूर्णपणे नंदाच्या बाजूची होते. अजूनही आहे.

नंदाच्या दहाव्याच्या दिवशी आई घागर उचलायला वाकली आणि तशीच राहिली. चौघींनी धरून तिला कॉटवर निजवलं. तोपर्यंत ती रडली नव्हती, त्यानंतरही रडली नाही. शिरूरला नेऊन एक्स-रे काढला. डॉक्टर म्हणाले, तुटलेलं काही नाही, स्नायू आखडलेत. पण यांना लवकर उठवा, या वयात पडून राहिल्या तर छातीत कफ धरेल आणि मग पाठ राहील बाजूलाच.

आईने ते ऐकलं. घरी आल्यावर भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "नंदीचा पाय लागल्याबिगर ही उसण जायची न्हाई. आन् नंदी तर गेली." एखाद्या गोष्टीचा हिशेब संपला, अशा आवाजात म्हणाली. तिने मरायचं ठरवलं होतं, आणि कारण काय निवडलं होतं, तर उसण! मला रडू यायला हवं होतं. राग आला.

मग नातेवाइकांना उत्साह चढला. सुतकात लोकांना करायला काही नसतं, त्यामुळे सल्ले फार येतात. एक चुलतभाऊ बंदुकीच्या आकाराचं घरघरणारं मसाजचं यंत्र घेऊन आला आणि आईच्या मांडीवर ते चालवून बघताना स्वतःच दचकला. पण सगळ्यांवर कडी केली मामांनी. त्यांनी कासुर्डीजवळ हायवेला मसाज केंद्र चालवणारा एक माणूस गाडीत घालून आणला. त्याच्या शर्टावर डॉक्टर लिहिलं होतं, कशाचा ते लिहिलं नव्हतं. त्याने खाटेजवळ बाटल्या मांडल्या. मानेची हिरवी, खांद्याची पिवळी, गुडघ्याची लाल.

"ताई, मानेचं तेल गरम, गुडघ्याचं थंड," तो मला समजावू लागला. "उलटंपालटं झालं तर पेशंट हातचा जातो."

"आणि कमरेचं?"

"कमरेचं मध्यम."

हे सांगताना त्याचा चेहरा इतका गंभीर होता की मला त्याची कीव यायला हवी होती. आली नाही. मग त्याने दोन्ही अंगठे थेट आईच्या मणक्यावर रोवले. आई किंचाळली. मी त्याचा हात धरून बाजूला केला, तर तो म्हणाला, काळजी नको, मी स्वतः पायाळू आहे. आणि पाय उचलून आईच्या कमरेला लावला.

"आरं, मोजा तरी काढ," आई उशीत तोंड ठेवून म्हणाली.

त्याने मोजा काढला. परत पाय लावला. डोळे मिटून काहीतरी पुटपुटला. "हां मावशी, उठा आता."

"उठू कशी? तू डोक्याकडूनच जल्मलाईस."

"अक्का, आसं बोलू न्हाई," मामा म्हणाले. "लांबनं आलाय मानूस."

"लांबनं आला म्हून पायाळू व्हतोय व्हय?"

नंदा गेल्यानंतर आई एवढं बोलली ती त्याच दिवशी. नंतर ती गप्प झाली, आणि खाणंही कमी केलं. चहात बुडवलेलं अर्धं बिस्किट, बस. रात्री खोकू लागली. मी रजा वाढवली. पाहुणे एकेक करून निघून गेले, आणि घरात आम्ही दोघीच उरलो.

नंदाने मला थोडंफार शिकवलं होतं, कारण तिला दर रविवारी जमायचं नाही. पोटरी घोट्याकडून गुडघ्याकडे चोळायची, उलटं कधीच नाही. गुडघ्यामागचा खळगा सोडून द्यायचा. तळव्याला अंगठा, मानेला बोटांची टोकं, पाठीला पूर्ण तळहात, आणि तोही मणक्याच्या दोन बाजूंना. मणका हा दाबायचा भाग नव्हे. पाठ धरली असेल तर आधी पाय सैल करायचे, मग वर जायचं. हे सगळं मी रोज करत होते. गुण शून्य.

त्या दिवशी दुपारी लाइट गेली होती. पंखा बंद, म्हणून मी दार सताड उघडं ठेवलं होतं. उन्हाचा पट्टा आईच्या कॉटपर्यंत आला होता. बाहेर रस्त्यावरून उसाची ट्रॉली गाणी वाजवत गेली. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण अंधार नव्हता, वारा नव्हता, कुत्रं रडत नव्हतं. आई पालथी होती, पाठ उघडी. मी तिच्या पायाशी बसून डावी पोटरी चोळत होते. माझे दोन्ही हात, दहाही बोटं, पोटरीवर होती.

आई एकदम म्हणाली, "हळू गं."

मी हात हलका केला.

"तितं न्हाई. वर. जरा डावीकडं..." आणि मग मोठा श्वास सोडून, "हां. टाच नगं, चवडा लाव."

मी वर पाहिलं. कमरेच्या थोडं वर, मणक्याच्या डाव्या बाजूला, आईच्या पाठीची कातडी आत दबली होती. आधी लावलेलं तेल त्या खळग्याच्या कडेने बाहेर सरकत होतं. मग दाब टाचेकडून पुढे गेला. अगदी जसं एखादं माणूस एका पायावरचं वजन सावकाश पुढे घेतं तसं. मणक्याला न लागता, बाजूबाजूने. आत कुठेतरी बोट मोडल्यासारखा आवाज आला.

"मी नाही, आई," मी म्हणाले. माझा आवाज मला ओळखू आला नाही. मी उठून भिंतीला टेकले होते. माझे हात आता आईच्या अंगावर कुठेच नव्हते.

खळगा हळूहळू भरून आला, उशीवरून डोकं उचलल्यावर उशी भरते तसा. मला वाटलं, संपलं.

तेवढ्यात आईने दोन्ही पाय चटकन जवळ ओढले. आमच्याकडे मोठ्या माणसाला पाय लागला की लगेच वाकून नमस्कार करतात, आणि मोठं माणूस असेच पाय मागे घेतं. आई सवयीने बोलून गेली, "आसू दे गं, आसू दे. औक्षवंत..."

आणि थांबली.

तो आशीर्वाद तिने पुरा केला नाही. कॉटची कड धरून ती कुशीवर वळली, पाय खाली सोडले आणि उठून बसली. ताठ. दाराकडे बघत राहिली. मग रडली. इतके दिवस जे अडलं होतं ते सगळं, पदर तोंडात धरून, अंग हलवत. मी तिच्याजवळ जाऊन बसले, ती तरीही दाराकडेच बघत होती.

चार वाजायच्या आत आई स्वतः चालत मोरीपर्यंत गेली. आठवड्याभरात खोकला गेला. आता ती गोठ्यात वाकून शेणही काढते.

मी कारणं शोधली नाहीत असं समजू नका. रोज चोळून चोळून आखडलेला स्नायू कधीतरी सुटणारच, तो नेमका त्या दुपारी सुटला. स्नायू सुटताना कातडी ओढली जाते. दुःखातल्या माणसाला भास होतात, आणि आम्ही दोघीही दुःखातच होतो. एवढं सगळं मी स्वतःला सांगितलं, नंदाच्या आवाजातही सांगून पाहिलं. पाठीवर फिरलेला तो दाब मात्र यातल्या कशातच बसत नाही. पुढे ज्यांना मी हे विश्वासाने सांगितलं, त्यांच्यातल्या एकाने आत्मा, अतृप्त इच्छा वगैरे सुरू केलं. त्याच्याशी मी बोलणं बंद केलं आहे. मला स्पष्टीकरण हवं आहे, दिलाशाची गोळी नको आहे.

मामा परवा पुन्हा आले. आईला अंगणात बघून म्हणाले, "बग अक्का, म्या आनलेल्या मानसाचाच गुन हाय. उशिरा आला, पर आला. पायाळूच हाय त्यो!"

मला वाटलं, आता आई सांगणार. जन्मभर हिने तेवढंच मागितलं होतं, आणि आता तर दवंडी पिटेल. अख्खं गाव अंगणात पालथं पडेल.

आई तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"न्हाई. थोरलीनं चोळलं," ती म्हणाली. "नंदीनं तिला शिकिवलं व्हतं."