भैरवगढचं नाव मी घातलं

माझा राग नाकावर. आमच्याकडे म्हणतात, हिच्याशी वाद घालायचा तर आधी पायात चपला घालाव्यात, म्हणजे पळता येतं. या रागाचा कुणाला उपयोग होईल असं मात्र कधी वाटलं नव्हतं.

उज्जैनच्या माधवनगरात मी मुलांना इंग्रजी शिकवते आणि फावल्या वेळात अनुवाद करते. एक दिवस दिल्लीच्या एका मैत्री मंचाचा फोन आला. लांबच्या एका देशाचं शेजाऱ्याशी युद्ध चाललं होतं आणि त्या देशाची बाजू आपल्या लोकांना पटावी म्हणून हा मंच काढलेला. मागे तिथलं सरकार होतं. त्यांनी ते लपवलं नाही आणि मीही फार चौकशी केली नाही. देशाचं नाव मी इथे घेत नाही. असले मंच दोन्ही बाजूंचे आहेत, आणि नाव घेतलं की वाचणारा माझी गोष्ट सोडून स्वतःचंच भांडण काढून बसतो.

काम सोपं होतं. ते छोटे व्हिडिओ पाठवायचे, मी खालचा मजकूर हिंदीत करायचा. पहिल्याच व्हिडिओत एका बाईला केसांना धरून रस्त्यावरून फरपटत नेत होते. तिची एक चप्पल मागे राहिली होती. मी रडले, मग संतापले, आणि संतापाच्या भरात लिहिलेलं त्यांना फार आवडलं. "मैडम, बस ऐसे ही लिखिए। पढ़ने वाले को अपने मोहल्ले की बात लगनी चाहिए," असं त्यांचा माणूस म्हणाला. मला ते छान जमायला लागलं. बॉम्बखाली सापडलेल्या पलीकडच्या मुलांचे व्हिडिओ मला कधीच आले नाहीत. ते आहेत हे मला ठाऊक होतं, पण मी शोधायला गेले नाही.

मग एक नदीकाठचा व्हिडिओ आला. दोरीवर वाळत घातलेले कपडे आणि खाली तीन प्रेतं. कपडे बघून मला आमचं भैरवगढ आठवलं, इकडच्या बोलीत भेरूगढ. क्षिप्रेच्या काठी छापाच्या चादरी अशाच वाळत असतात. मी लिहिलं, "इन्हें रोज़ दुआ-सलाम करने वाले पड़ोसियों ने मारा। आज वहाँ, कल अपने भेरूगढ़ के घाट पर। पड़ोसी को पहचानिए।" लिहून झाल्यावर मी स्वतःवर खूश होऊन चहा केला.

उज्जैनबाहेर हे नाव कुणाला काय कळणार? पण तो व्हिडिओ मोबाईलवरून फिरत फिरत उज्जैनातही आला, आणि इथे ते सगळ्यांना कळलं.

चार दिवसांनी भाचीच्या लग्नासाठी चादरी आणायला मी भैरवगढला गेले. आमचा छापावाला आईच्या वेळेपासूनचा. लाकडी छापा रंगात बुडवायचा, कापडावर ठेवायचा आणि वर उजव्या तळव्याने दणका द्यायचा, असं त्याचं काम. चाळीस वर्षांत त्याच्या तळव्याचा खालचा भाग टाचेसारखा घट्ट झाला होता. त्याचा धर्म कोणता ते सांगत बसत नाही. जे आले त्यांनीही तो विचारला नाही, त्यांना तो आधीच माहीत होता.

मी चादरी बघत होते तेवढ्यात दहा-बाराजण आत घुसले. एकाने मोबाईल वर धरून मोठ्याने वाचलं. माझंच वाक्य! देवाशपथ सांगते, क्षणभर मला बरं वाटलं.

"माल विदेश कौन भेजता है?" दुसऱ्याने कोपऱ्यातल्या पार्सलला लाथ मारली. त्यावर परदेशातल्या एका दुकानाचा पत्ता होता.

"भैया, वो तो दूसरा मुल्क है," छापावाला पार्सलवरच्या पत्त्याकडे बोट करून म्हणाला. त्याच्या तोंडावर बुक्की बसली. दात पडले. कुणीतरी रंगाचं पातेलं उपडं केलं, त्यात त्यांच्यातलेच दोघं घसरून पडले आणि आणखी पिसाळले. मग दोघांनी त्याचा उजवा हात छापायच्या टेबलावर दाबून धरला आणि तिसऱ्याने सगळ्यांत जड छापा उचलला. एकदा, दोनदा, तीनदा. वाळका ऊस मोडावा तसा आवाज आला.

एवढा वेळ एक वाक्य माझ्या जिभेवर होतं. ये मैंने लिखा है, भेरूगढ़ में कुछ नहीं हुआ. ऐकून ते थांबले असते की नाही, कोण जाणे. पण ते वळले असते, आणि माझ्याकडे वळले असते. मी गप्प राहिले.

हात मोडून झाल्यावर मग मला शौर्य आलं. मी दुसरा छापा उचलला आणि मोबाईलवाल्याच्या डोक्यात मागून घातला. तो गुडघ्यांवर आला. मी पुन्हा मारला. कान फाटला, रक्त माझ्या साडीवर आलं आणि मला ते आवडलं. तिसऱ्यांदा हात उचलला तेव्हा कुणीतरी ओरडलं, "औरत है, छोड़ो, निकलो!" आणि ते त्याला ओढत निघून गेले.

डॉक्टर म्हणाले, हाड तीन ठिकाणी मोडलंय, हाताने आता दणका देता येणार नाही. दुसऱ्या दिवशी मंचाच्या त्याच माणसाचा फोन. पलीकडच्या देशाच्या बाजूने काम करणाऱ्या एका संस्थेने त्या चेचलेल्या हाताचं पोस्टर करून जगभर फिरवलं होतं. छापावाल्याला न विचारताच. आता मी चार ओळी लिहायच्या होत्या, की हा घरगुती झगडा होता. मी शिव्या घातल्या, माहेरच्या आणि सासरच्या सगळ्या. त्याने ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाला, "मैडम, मारने को तो हमने नहीं कहा था।"

तसं तर मीही म्हटलं नव्हतं.

मी हॉस्पिटलात गेले. छापावाला येईल त्याला माझ्याकडे बोट करून सांगत होता, "दीदी न होतीं तो जान से जाता।" त्याच्या बायकोने मला स्टूल दिलं, थर्मासमधला चहा दिला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी त्याचा डावा हात हातात घेऊन बसले होते, तेवढ्यात जबानी घ्यायला हवालदार आला. साक्षीदार मीच.

"मोबाइल वाला क्या पढ़ रहा था, कुछ याद है?"

मी ते वाक्य म्हणून दाखवलं, एक शब्दही न चुकता. तो लिहिता लिहिता थांबला. "इतनी मारपीट में आपको पूरा याद रह गया?"

"मेरा लिखा हुआ है," मी म्हणाले. "पूरा मनगढ़ंत है।"

छापावाल्याने आपला हात हळूच सोडवून घेतला. तो छताकडे बघत राहिला. बायको उठली. तिने माझ्या हातातला अर्धा कप काढून घेतला आणि विचारलं, "दीदी, ये बात वहाँ क्यों नहीं बोलीं? हाथ टूटने से पहले?"