वहिनीचा मळका स्पंज

माझी वहिनी शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होती. सव्वीस वर्षं तिने परीक्षानळ्या धुतल्या. निवृत्त झाल्यावर चौथ्याच दिवशी म्हणाली, "वन्सं, रिकामे हात मला चावायला लागलेत." मग तिने शेजारणीचा फिश टँक साफ करून दिला. तिथून दुसरं बोलावणं आलं, आणि बघता बघता सात टाक्या तिच्या देखरेखीखाली आल्या. दादा, म्हणजे माझा भाऊ, म्हणतो, "माझी चौकशी महिन्याला, माशांची आठवड्याला." त्यावर वहिनीचं उत्तर ठरलेलं, "मासे भाजीत मीठ कमी म्हणत नाहीत."

तिची लाडकी टाकी दातांच्या दवाखान्यातली. बाहेरच्या बाकांसमोर ठेवलेली, आत दोन गोल्डफिश, थोरला आणि धाकटी. गाल धरून बसलेली माणसं त्यांच्याकडे बघता बघता दुखणं विसरायची. डॉक्टर म्हणायचे, न सांगता आ करणारे माझे हे दोनच पेशंट.

एका शुक्रवारी सकाळी डॉक्टरांचा फोन आला. थोरला मेला होता, आणि धाकटी पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकत होती.

"मावशी, सोमवारी तुम्ही टाकी साफ केलीत आणि आज हे असं," ते म्हणाले. "मी काही म्हणत नाही."

वहिनीने फोन ठेवला आणि स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली. "माझ्याच हातून गेला असेल तर मी सातही टाक्या सोडणार, वन्सं. मुक्या जिवाशी असला खेळ नको."

मी मनात म्हटलं, देवा, हिच्या हाताचा दोष नसू दे, आणि असलाच तर तो ओळखायचं बळ दे. मग दोन बादल्या उचलल्या आणि तिच्याबरोबर निघाले. त्या बादल्यांत आदल्या दिवशी भरून ठेवलेलं पाणी होतं. नळाचं ताजं पाणी वहिनी टाकीत कधीच घालत नाही, त्यातलं जंतू मारायचं औषध माशांना बाधतं.

दवाखान्यात शिरल्या शिरल्या तिने आपली वही उघडली. सोमवारची नोंद होती, 'पाव टाकी पाणी बदललं. स्पंज टाकीतल्याच पाण्यात पिळला. दोघे खुशीत.' चूक कुठे दिसेना.

"खाणं कोण घालतं?"

"मीच," दवाखान्यातल्या सिस्टर म्हणाल्या. "चिमूटभर. तुम्ही सांगितलंत त्याहून एक कण जास्त नाही."

सिस्टर मोठ्या टापटिपीच्या. त्यांच्या राज्यात धूळसुद्धा परवानगी काढून यायची.

वहिनीने पिशवीतून परीक्षानळी काढली, टाकीतलं पाणी घेतलं आणि तपासणीच्या औषधाचे थेंब टाकले. पाणी दिसायला काचेसारखं, पण नळीत गर्द हिरवं झालं. "अमोनिया," ती म्हणाली. "माशांच्याच घाणीतून होतो. पण तो खाऊन टाकणारे जंतू टाकीतच राहतात. ते गेले कुठे?"

मग तिने फिल्टर उघडला. आतला स्पंज पांढराशुभ्र होता. तळाचे खडेही असे लखलखत होते, जणू आजच दुकानातून आणलेत.

वहिनीने स्पंज हातात घेऊन उलटसुलट पाहिला. मग अगदी कौतुकाने म्हणाली, "स्पंज इतका छान कुणी धुतला हो? मला नाही जमत असा."

सिस्टरांचा चेहरा खुलला. "मीच. तुम्ही तो मळकाच ठेवून गेला होतात, मला बघवेना. मंगळवारी चांगला उकळून काढला. खडे तर आपल्या हत्यारांबरोबर मशीनमध्ये घातले, एक जंतू राहिला असेल तर शपथ."

"तेच तर झालं, बाई," वहिनी हळूच म्हणाली. "ते आपल्या बाजूचे जंतू होते."

सिस्टर मटकन बाकावर बसल्या. "म्हणजे मी मारला त्याला?"

"तुम्ही जीव लावलात, पद्धत चुकली. आता रडायचं नाही, धाकटी वाट बघतेय." वहिनीने बाह्या वर केल्या, निम्मं पाणी उपसलं, बादल्यांतलं भरलं आणि दादाला फोन लावला. "आपल्या घरच्या टाकीतला स्पंज घेऊन या. ओलाच. टाकीच्याच पाण्यात बुडवून. त्यातले जंतू जिवंत यायला हवेत."

अर्ध्या तासाने दादा आला. हात लांब करून त्याने डबा धरला होता. "हा माझा जेवणाचा डबा आहे, हे मी सगळ्यांसमोर सांगून ठेवतो."

वहिनीने तो तपकिरी, बुळबुळीत स्पंज आधी टाकीत पिळला आणि मग फिल्टरमध्ये बसवला. पाणी गढूळ झालं. सिस्टरांनी तोंडावर हात ठेवला. डॉक्टर दारात उभे होते. ते म्हणाले, "मावशी, सकाळी मी फार बोललो."

"तुम्ही काही म्हणतच नव्हता," वहिनी म्हणाली, आणि बाकावरचे पेशंट गाल धरून हसले.

पुढचे आठ दिवस ती रोज जाऊन पाणी बदलत होती. तिसऱ्या दिवशी धाकटी तळाशी फिरू लागली, आठव्या दिवशी तिने वहिनीच्या बोटाजवळ येऊन दाणा टिपला. सातही टाक्या वहिनीकडेच राहिल्या. दादाला मात्र नवा डबा घ्यावा लागला.

वहिनीने तशीच एक वही सिस्टरांना दिली आहे. परवा मी दाढ दाखवायला गेले तेव्हा ती वही टाकीशेजारी होती. ताजी नोंद वळणदार अक्षरात होती, 'धाकटी मजेत. स्पंज फारच मळला आहे. हात लावलेला नाही.'