झेलायचं काम माझं होतं

इथे अमेरिकेत, पार्सिपनीत मराठी मंडळी कुणाकडे जमली आणि जेवणं आटोपली, की कुणीतरी म्हणतंच, "समीर, ती माजची गोष्ट सांग ना यार." मी आढेवेढे घेतो आणि मग सांगतो. खुर्चीवर चढून, हातवारे करून सांगतो. लोक हसतात, शेवटी हळहळतात, पोरं माझ्याबरोबर सेल्फी काढतात. ती गोष्ट खोटी आहे. खरी कुणालाही सांगितलेली नाही — बायकोला नाही, आईला नाही, आणि ज्याला सगळ्यात आधी सांगायला हवी होती त्याला तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय. फक्त मधे काही विचारू नका. एकदा अडखळलो तर पुन्हा तोंड उघडणार नाही मी.

माज म्हणजे तोच, रॅपर. सोनेरी जॅकेट, घरातसुद्धा गॉगल, समोर येईल त्याचा गाण्यात पाणउतारा. तुम्हाला माहीत नसेल तर घरातल्या पोरांना विचारा, त्यांना पाठ असेल. त्याचं खरं नाव निखिल. त्याचे बाबा आणि माझे बाबा शेजारशेजारच्या अपार्टमेंटमध्ये राहायचे. मी अकरा वर्षांचा असताना सांगलीहून इथे आलो, तो इथेच जन्मला. शैलाकाकू, म्हणजे त्याची आई, उठता-बसता त्याला ओरडायच्या, "फार माज आलाय तुला!" रॅपर व्हायच्या आधी तो कुस्ती खेळायचा. इथली, टीव्हीवर दिसते तसली, झगमगीत कपड्यांची. रिंगमधलं नाव ठरवायची वेळ आली तेव्हा या गड्यानं आईचाच शब्द उचलला. अमेरिकनांना वाटलं, काहीतरी प्राचीन संस्कृत असेल! आम्ही दोघं तेव्हा पोट धरून हसलो होतो.

आणि त्याला या नादाला लावलं कुणी? मीच की. टायरच्या दुकानामागे एका गोडाऊनमध्ये एक कोच मुलांना ही कुस्ती शिकवायचा. तिथे आधी मी जायला लागलो. घरी सांगितलं होतं, जिमला जातो. एकटं जायचा कंटाळा यायचा म्हणून निखिलला ओढून नेलं. कधीकधी वाटतं, त्या दिवशी एकटाच गेलो असतो तर? पण हेही बघा, दोष कुठेतरी ढकलायचाच प्रयत्न चाललाय माझा.

तुम्ही म्हणाल, ती कुस्ती खोटीच असते. असते ना. कोण जिंकणार हे आधी ठरलेलं असतं. पण उंचावरून पडणारं अंग खरं असतं हो, आणि खालची फरशीही खरीच असते. म्हणून कोच पहिल्या दिवसापासून एकच गोष्ट डोक्यात भरायचा. समोरचा माणूस लोकांसाठी तुमचा वैरी, पण त्याचं अंग तुमच्या हवाली केलेलं असतं. तो दोरावर चढून तुमच्यावर झेपावला, की तुम्ही मार बसल्याचं सोंग करायचं आणि ते करता करता त्याला झेलायचं. छाती पुढे, हात वर, पाय रोवलेले. तो जीव टाकून उडी मारतो, कारण खाली तुम्ही आहात.

मी चांगला होतो. आता खोटं कशाला बोलू? नवीन मुलं आली की कोच म्हणायचा, पडायचं कसं ते सॅमकडे, म्हणजे माझ्याकडे, बघा. पडायचं कसं! निखिलला धड गिरकीही घेता यायची नाही. पण त्याच्या हातात माइक दिला की, बापरे, तोंडाचा असा पट्टा सुटायचा! पहिल्या रांगेतला आजोबा असो की दाराशी उभा पोलीस, कुणालाच सोडायचा नाही. सगळा हॉल उठून त्याला हूट करायचा, पॉपकॉर्न फेकायचा. त्याला खलनायक केलं होतं, आणि आमच्या धंद्यात खलनायकाला हूट मिळणं म्हणजे आरती ओवाळून घेणं. आणि मी? मी हिरो. मला टाळ्या मिळायच्या. पाहुण्यांच्या भाषणानंतर वाजवतात तशा, देणं लागतो म्हणून वाजवलेल्या. शिव्या खायलाही नशीब लागतं, हे मला त्या हॉलमध्ये कळलं.

माझ्या पोटात दुखायचं. दुसऱ्याचं चांगलं झालं की काही लोकांच्या पोटात दुखतं असं आई म्हणायची, तेव्हा मला ते लोक म्हणजे कुणी शेजारपाजारचे वाटायचे. घरी जाताना गाडीत तो बडबड करायचा, "यार, आज कसले चिडले होते ना!" आणि मी म्हणायचो, हो ना यार. हसायचो सुद्धा. आतून नुसता जळायचो. त्याचा राग यावा असं त्यानं काही केलंही नव्हतं, हेच तर जास्त झोंबायचं.

मग बातमी आली. टीव्हीवाल्या एका मोठ्या कंपनीचा माणूस येणार होता — निखिलला बघायला. फक्त निखिलला. मॅच कुणाबरोबर लावायची असं कोचनं विचारलं, तर निखिलनं हट्टच धरला की समोर सॅम हवा. मला म्हणाला, "तू असलास की मी भारी दिसतो, यार." प्रेमानंच म्हणाला. मी मात्र ते वाक्य घरी नेलं, आणि आठवडाभर चघळत बसलो. त्याला भारी दिसू देणं, एवढंच माझं काम? मी त्याला इथे आणला, मी त्याला पडायला शिकवलं, आणि आता मी कोण?

रविवारची दुपार होती. एका शाळेच्या जिममध्ये शो होता. शेवटची उडी ठरलेली होती. मी रिंगच्या बाहेर फरशीवर हेलपाटत उभा राहणार, तो सगळ्यात वरच्या दोरावरून माझ्यावर झेप घेणार, मी झेलणार, दोघं पडणार, तो जिंकणार. कितीतरी वेळा केलेली उडी. झोपेत केली असती. तो वर चढला, हात पसरले. जिम नुसतं दणाणत होतं, माज, माज, माज! तो कंपनीवाला खुर्चीतून उठून उभा राहिला होता. मला तो दिसत होता. आणि निखिल माझ्याकडे बघतही नव्हता. लोकांकडे बघत होता. माझ्याकडे कशाला बघेल? मी तिथे असणारच होतो.

आणि मी —

सांगतो. थांबा जरा.

मी मागे सरलो नाही. मागे सरलो असतो तर कुणाच्या तरी नजरेत आलं असतं. त्यानं दोर सोडला आणि मी अर्धं पाऊल पुढे गेलो, खांदे जरासे खाली घेतले. बस, एवढंच. पुढे जाणाऱ्यावर कोण संशय घेईल? लोकांना वाटलं, बिचारा झेलायला धावला. तो माझ्यावरून गेला. त्याच्या बुटाची लेस माझ्या कानाला घासून गेली, ती अजून घासते. मग मागे आवाज झाला. पाय घसरला का माझा? नाही. भांबावलो? नाही. मला त्या क्षणी नीट माहीत होतं मी काय करतोय. त्याचं हाड मोडावं असं वाटत नव्हतं हो, खरंच नव्हतं. त्याची फजिती व्हावी, त्या माणसानं मान हलवून खाली बसावं, एवढंच वाटत होतं. पण फजितीएवढंच लागावं असं फरशीला कुठे सांगता येतं?

त्याचा उजवा खांदा फुटला. प्लेट घालावी लागली. कुस्ती संपली, कंपनीवाला ॲम्ब्युलन्स यायच्या आधीच निघून गेला. हॉस्पिटलमध्ये शुद्धीवर आल्यावर निखिल मला काय म्हणाला माहितीये? "सॉरी यार, जास्तच लांब उडालो. तुला लागलं नाही ना?" तेव्हा सांगता आलं असतं. खोलीत आम्ही दोघंच होतो. मी म्हटलं, "हो, लांबच उडालास." खांद्याचं पाप क्षणाचं होतं असं कुणी म्हणेलही, पण हे वाक्य मी विचार करून बोललो. मग शैलाकाकू आल्या. दिवसभर काही खाल्लं नसशील म्हणाल्या, डबा उघडून बसवलं. तू समोर होतास म्हणून डोकं तरी वाचलं माझ्या लेकराचं, असं म्हणत त्या वाढत राहिल्या. पोळी-भाजी होती, कोबीची. मी पोटभर जेवलो.

आता तुम्हाला वाटेल, मग हा पश्चात्तापात जळला असेल. छे! जळलो, पण कशानं ते ऐका. हात गळ्यात बांधलेला, घरात पडून दुसरं काही करता येईना, म्हणून निखिल त्याची ती रिंगमधली बडबड फोनवर बीट लावून रेकॉर्ड करायला लागला. आधी मित्रांत फिरली, मग कॉलेजांत, मग सगळीकडे. कुस्तीत राहिला असता तर कदाचित चार वर्षांत विसरले असते त्याला. मी त्याचं वाटोळं करायला गेलो आणि माझ्या हातून त्याचं सोनं झालं! याचा राग मला आला. ज्याला मी पाडलं त्याचाच राग. त्याच्या पहिल्या मोठ्या गाण्यात ती उडी आहे. मी इतका लांब उडालो की झेलणाऱ्याच्याही हाती लागलो नाही, अशी फुशारकी. माझी मुलगी ईरा गाडीत ते गाणं लावते आणि मागून ओरडते, "डॅड, दॅट्स यू!" हो बाळा, मीच तो. आणि मी आवाज वाढवतो. पार्टीत गोष्ट सांगायला लागलो तेही या गाण्यानंतर. त्याच्या प्रसिद्धीतला एवढासा तुकडा तरी मला मिळावा म्हणून, आणि तोसुद्धा खोट्यावर उभा असलेला.

गेल्या वर्षी कोच रिटायर झाला. त्याच जिममध्ये निरोपाचा शो ठेवला. निखिलचा फोन आला, मला ती उडी परत मारायचीये, एकदाच. मी म्हटलं, खांद्यात प्लेट आहे, डॉक्टर काय म्हणतात? म्हणाला, "डॉक्टर गेले खड्ड्यात. तू झेलणार असशील तरच मारतो. दुसऱ्या कुणावर माझा भरवसा नाही." पुन्हा त्या खांद्यावर पडला तर हात कायमचा जाईल, हे त्याला माहीत होतं. मलाही. नाही म्हणता आलं असतं. खरं सांगता आलं असतं, फोनवर तर तोंडही दिसत नाही. मी म्हटलं, ये, झेलतो.

तो दोरावर चढला. पोट सुटलंय आता, केस विरळ झालेत, तरी सगळं जिम त्याच्या नावानं उठून उभं होतं. पहिल्या रांगेत ईरा होती. माझी ईरा, सोनेरी कागदाचं जॅकेट घालून बेंबीच्या देठापासून ओरडत होती, माज, माज! सॅम नाही. डॅडही नाही. आणि माझ्या पोटात दुखलं. तस्संच. इतक्या वर्षांनी, केस पिकल्यावर, त्याचं सगळं खाऊन-पिऊन, तस्संच दुखलं. मला निखिलची नाही, माझ्या पायाची भीती वाटली. त्यानं दोर सोडला.

मी झेललं. त्याचं सगळं वजन छातीवर आलं, दोघं फरशीवर आडवे झालो, खाली मी आणि वर तो, त्याचा खांदा माझ्या हातांत जसाच्या तसा. काही अवघड नव्हतं त्यात. ताकद लागली नाही, धाडस लागलं नाही. आपल्या जागी उभं राहायचं होतं, एवढंच. तेव्हाही एवढंच होतं.

लोक किंचाळत होते आणि तो माझ्या अंगावर पडून लहान मुलासारखा हसत होता. कानाशी येऊन म्हणाला, "बघ! म्हणजे तेव्हा मीच चुकलो होतो ना यार?"

मी म्हटलं, हो.