पंचाचा हात

तीस सालानंतरच्या त्या वर्षांत नाशकात मोटारी मोजक्याच होत्या आणि त्यांच्या मालकांना खुमखुमी भारी. वर्षातून एकदा, थंडी सरता सरता, ही हौशी मंडळी पेठ गावाच्या रस्त्याने घाटापर्यंत जाऊन परत येण्याची शर्यत लावत. शर्यत सकाळी सुरू होऊन दुपारी आटपे, पण तिच्यावरच्या तक्रारी होळीपर्यंत चालत. एका वर्षी एका डॉक्टरांनी नदीत रुतलेली गाडी चक्क बैल जुंपून काढली आणि वर वाद घातला की नियमांत माणसांनी ढकलायला मनाई आहे, बैलांचा उल्लेखच नाही. ते जिंकलेसुद्धा.

त्यानंतर माझ्या सासऱ्यांनी नियम नव्याने लिहायचं मनावर घेतलं. ते शहरातले बडे वकील, या मंडळाचे सर्वेसर्वा, आणि मी त्यांच्याच ऑफिसात उमेदवारी करणारा जावई. मसुदा अर्थात माझ्या गळ्यात पडला. गाडी अडकली तर ती इंजिनाच्या जोरावरच निघाली पाहिजे. चालवणाऱ्याखेरीज कोणाचाही हात वा जोर लागला, मग तो माणसाचा असो वा जनावराचा, तर गाडी बाद. तक्रार शाबीत झाली तर त्या मालकाला पुन्हा प्रवेश नाही. प्रत्येक गाडीत दुसऱ्या गाडीकडचा एक माणूस पंच म्हणून बसवायचा. मला माझ्या भाषेचा फार अभिमान वाटला होता.

त्याच वर्षी जुन्या नाशकातल्या एका लाकडाच्या वखारीच्या मालकाला पहिल्यांदा शर्यतीत घेतलं. मुसलमान गृहस्थ, पन्नाशीचे, गाडी जुनी पण लेकरासारखी जपलेली. दोन वर्षं ते विनंती करत होते आणि दोन वर्षं मंडळी ‘पुढच्या खेपेला बघू’ म्हणत होती. त्यांच्याकडून फाटकाची लाकडं घ्यायला कोणाची हरकत नव्हती, त्यांच्या शेजारी गाडी उभी करायला होती. ही एक शर्यत नीट पार पडली की त्यांचं नाव मंडळात कायम होणार होतं. त्यासाठी ते सगळं करत होते हे लहान पोरालाही कळलं असतं.

शर्यतीत सासऱ्यांचीही गाडी होती, तिच्याकडचा पंच म्हणून मी या गृहस्थांच्या गाडीत बसलो. त्यांनी खांद्यावरच्या रुमालाने माझी बैठक झटकली आणि म्हणाले, “वकीलसाहेब, माझी चूक दिसली तर तिथंच सांगा. मागून नको.” मी हसून मान डोलावली.

माणूस गाडी काय सुरेख चालवायचा! माझे सासरे गाडी हाकत, म्हणजे तिच्यावर ओरडत. हे तिच्याशी बोलत. घाटापर्यंत आम्ही दोन गाड्या मागे टाकल्या आणि परतीच्या वाटेला लागलो तेव्हा मी विसरून गेलो होतो की मी कोणाच्या बाजूचा आहे.

वाटेत एका नदीवर पूल नव्हता, उतारातून जावं लागे. पाणी घोट्याइतकंच, पण पलीकडच्या काठावर चिखल झाला होता. मागची चाकं रुतली. वजन कमी करायला मी खाली उतरलो. तेवढं नियमात बसत होतं. काठावर गावातली माणसं होती. शेठजींची लाकडं त्याच रानातून येत, त्यामुळे ती त्यांना ओळखत. “लोटू का शेठ?” म्हणत चौघे धावलेच. शेठजी आतून ओरडले, “हात नका लावू भाऊ, कोणी म्हणजे कोणी नाही!” बिचारे जागच्या जागी थांबले.

गाडी चिखलातून इंच इंच वर आली, घसरली, पुन्हा वर आली. पुन्हा घसरणार, तोच मी खांदा लावला.

का लावला, ते मला आजही सांगता येत नाही. अडलेली गाडी दिसली की हात पुढे होतो, एवढंच. ते चौघे अडाणी म्हणायचे, त्यांना एकदा सांगितलेलं कळलं. नियम लिहिणारा मी मात्र चिखलात खांद्यापर्यंत माखून उभा होतो आणि गाडी काठावर गेली होती.

शेठजींनी ब्रेक लावला. वळून माझ्याकडे बघितलं. रागावले नाहीत. म्हणाले, “साहेब, हे चुकलं. गाडी परत पाण्यात घेतो. पुन्हा माझी मी चढवतो. वेळ जाईल, जाऊ दे.”

तसं केलं असतं तर कोणालाच बोलायला जागा उरली नसती. पण मला लाज वाटत होती. मागून दुसरी गाडी आली, तिच्यातल्यांनी मला असं पाहिलं, तर गावभर हसं होणार होतं. मी चटकन आत बसलो आणि म्हणालो, “नको. चला तुम्ही. पंच मी आहे, माझं मी बघतो.” त्यांनी क्षणभर माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि माझ्या शब्दावर गाडी पुढे काढली.

आमची गाडी सगळ्यांत कमी वेळात आली. वखारीतल्या पोरांनी हार आणला होता. तेवढ्यात सासरे पुढे आले. त्यांचा दुसरा नंबर होता. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघत त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, “जावईबापू, कोट कुठे माखला एवढा?”

पडलो, असं म्हणता आलं असतं. पण त्या माणसासमोर थाप मारायला माझी जीभ कधीच वळली नाही, आणि माझी चूल त्यांच्या ऑफिसावर पेटत होती. मी म्हणालो, “नदीत गाडीला खांदा लावला.”

पुढचं सगळं पाच मिनिटांत उरकलं. सासऱ्यांनी तक्रार केली, मंडळाने शेठजींना विचारलं. ते म्हणाले, “हो, गाडीला हात लागला. वकीलसाहेब खरं बोलतात.” बस. परत पाण्यात घ्यायला निघालो होतो, यांनीच नको म्हटलं, हे त्यांनी सांगितलं नाही. मी सांगायला हवं होतं. मी शेजारीच उभा होतो, कोणी माझं तोंड बांधलं नव्हतं. मी गप्प राहिलो. शेठजी बाद झाले ते कायमचे, आणि तो हार पोरांनी गुंडाळून परत नेला.

घरी जाताना सासऱ्यांनी माझी पाठ थोपटली. “डोकं चालवलंत हो,” म्हणाले. त्यांना वाटलं, मी ते मुद्दामच केलं. मी नाही म्हणालो, तर ते आणखीच खूश होऊन हसले.

गावात मात्र वेगळंच पसरलं. शर्यतीसारख्या गोष्टीतही हा खोटं बोलला नाही, असं लोक म्हणू लागले. त्या नावावर माझ्याकडे पक्षकार यायला लागले. वर्षभरात मी सासऱ्यांपासून वेगळं होऊन स्वतःची पाटी लावली. त्या पाटीकडे बघताना मला शरम वाटायची, पण ती मी उतरवली नाही.

आणि एक दिवस खुद्द शेठजी आले. वखारीच्या जागेवरून भाऊबंदांशी तंटा होता. मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. म्हणालो, “तुम्ही माझ्याकडे का आलात?”

“तुम्ही खोटं बोलत नाही म्हणून,” ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर टोमणा शोधला, सापडला नाही. त्यांनी वकीलपत्रावर सावकाश सही केली आणि कागद माझ्याकडे सरकवत म्हणाले, “एकच विनंती आहे साहेब. कोर्टात मात्र सगळं सांगा. अर्धं नको.”

मी हो म्हणालो. मान वर करून म्हणता आलं नाही.