राजासाठी लावलेला कौल

आता रुद्रप्पा गुरव म्हणजे कसा माणूस, तर घरातलं मीठ संपलं असं बायकोनं सांगितलं तरी "देवाला इचारू का" म्हणणारा. मंद्रूपच्या अलीकडं दोन कोसांवर त्याचं गाव, आणि त्या गावच्या महादेवाचा कौल सगळ्या पंचक्रोशीत नावाजलेला. कण्हेरीच्या दोन कळ्या वाटीतल्या पाण्यात तीन-तीनदा बुडवायच्या, पिंडीच्या डाव्या-उजव्या अंगाला चिकटवायच्या आणि हात जोडून बसायचं. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. एका प्रश्नाला कौल एकच. मोहोळचा एक व्यापारी डावी पडल्यावर म्हणाला, पुन्हा लावा की. रुद्रप्पानं त्याचे जोडे त्याच्या हातात दिले आणि त्याला वाटेला लावलं. वर म्हणाला, "देव काय तुज्या दुकानात कामाला हाय व्हय?"

१९२८ सालच्या मार्गशीर्षात विलायतेचे बादशहा आजारी पडले. गावोगाव देवाला साकडं घाला असं वरून आलं, आणि तालुक्याचे अव्वल कारकून घोड्यावर बसून गावात हजर झाले. मंडपाला पताका लागल्या. रावजी पाटलांच्या घरची खुर्ची आली, तिच्यावर बादशहांची तसबीर बसली, आणि महादेवासाठी ओवलेला हार आधी तिला पडला. संकल्प सोडायला रुद्रप्पानं बादशहांचं गोत्र विचारलं. कारकुनांनी पाटलांकडं बघितलं, पाटलांनी आढ्याकडं.

"काश्यप म्हणा," कारकून शेवटी म्हणाले. "ठाऊक नसलं की काश्यपच म्हणतात."

इथवर मजाच होती. मग कौल लावायच्या आधी कारकुनांनी रुद्रप्पाला खांबाआड नेलं.

"गुरव, अहवाल मी सोलापुरातूनच लिहून आणलाय. उजवा कौल मिळाला, प्रजेला आनंद झाला, असं त्यात आहे."

"सायेब, ते माज्या हातात न्हाय की."

"नसेल. देवाच्या इनामाची सनद मात्र आमच्या कचेरीत आहे."

रुद्रप्पा गाभाऱ्यात गेला. डावी कळी त्यानं तीनदा बुडवली. उजवी पाण्याला नुसती टेकवली, म्हणजे ती धड चिकटू नये. चाळीस वर्षांत असं पहिल्यांदाच. कुणाचं लक्ष गेलं नाही, सगळे तसबिरीकडं बघत होते. दोन श्वास होतात न होतात तोच उजवी पडली. शाळेतल्या पोरांना साखर मिळाली, वाजंत्री वाजली, आणि पुढं बादशहा खरोखरच बरे झाले. कचेरीतून शिक्क्याचा कागद आला, तो पाटलांनी चौकटीत बसवून गाभाऱ्याच्या दारावर टांगला. अक्कलकोटाकडची माणसंसुद्धा कौलाला यायला लागली.

पुढच्या मार्गशीर्षात रुद्रप्पाच्या बायकोच्या, निंगव्वाच्या, पोटात कळ उठली. तिसऱ्या दिवशी ताप भरला. तिचा भाऊ महादेवप्पा सकाळीच गाडी जुंपून दारात आला.

"दाजी, अक्काला सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात नेऊ. तितं पोट फाडून बरं करत्यात म्हणं."

निंगव्वा अंथरुणावरून म्हणाली, "आदी कौल लावा. देवानं राजाला उटवलं, मी तर घरचीच. त्यो जा म्हणला तरच गाडीत बसंन."

रुद्रप्पानं कळ्या तीन-तीनदा बुडवल्या, मोठ्यानं मोजून. लावल्या. उजवी पडली. म्हणजे जा. तो उठला, आणि अर्ध्यातच थांबला. तिला न्यावं असं आपल्याच मनात आहे. बोटानं उजवी जरा सैल लावली नसेल कशावरून? त्या दिवशी तरी कुणाला दिसलं होतं? त्यानं पुन्हा कौल लावला. डावी पडली. तिसऱ्यांदा लावला, तर दोन्ही कळ्या चिकटल्या त्या चिकटल्याच.

ऊन मंडपातून सरकत पायरीवर गेलं. महादेवप्पा येऊन दारात उभा राहिला.

"दाजी, बैलं कवाची उबी हायत."

"देव सांगंना."

"आजच काय झालंय त्याला? राजाच्या येळंला तर लगीच सांगितलं हुतं की."

याचं उत्तर गावात एकट्या रुद्रप्पाकडं होतं, आणि ते मेव्हण्याला देण्याजोगं नव्हतं. दुपार टळायला लागली तशी त्यानं दोन्ही कळ्या बोटानं खरवडून काढल्या आणि तो घरी आला.

"कुटला आला?" निंगव्वानं विचारलं.

"उजवा."

तिचा चेहरा निवळला. ती आपण होऊन गाडीपर्यंत चालत गेली.

दिवस बुडताना लांबवर गिरणीची चिमणी दिसली. "अक्का, आलं बग सोलापूर," महादेवप्पा म्हणाला. अक्का बोलली नाही. रुद्रप्पानं तिच्या नाकाशी हात धरला, बराच वेळ धरला, आणि गाडी वळवायला सांगितली.

गावानं देवाला बोल लावला नाही. कौल उजवाच आला होता, माणसांनी निघायला उशीर केला, असं सगळे म्हणाले. सोलापूरच्या गिरणीत जावं तर वय नाही, शेतीची सवय नाही, म्हणून रुद्रप्पा पुढं दहा वर्षं देवळातच राहिला. कौलाला आलेल्या माणसाला तो वाटी द्यायचा, कळ्या त्याच्याच हातानं लावायला सांगायचा आणि पिंडीकडं पाठ करून बसायचा. समोर दारावर शिक्क्याचा कागद.

"पडली का?"

"पडली की आप्पा, उजवी. तुमी न्हाय बगत?"

"माजं बगून झालं," असं म्हणून तो घंटेकडं हात न्यायचा.