वीजबिल नावाची फाइल

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच कबूल करतो. तीस वर्षं शाळेत कारकून होतो आणि खडूचा डबासुद्धा सही घेतल्याशिवाय कुणाला दिला नाही. त्यामुळे दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी लॅपटॉप उघडला आणि ताईची सदतीस पानं जागेवर दिसली नाहीत, तेव्हा 'काय झालं' हा प्रश्न मला पडलाच नाही. 'कोणी केलं' हाच पडला.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. राळेगावात आमच्या घरापासून तिसऱ्या गल्लीत राहते. उन्हाळ्यापासून ती रोज दुपारी यायची, आपल्या आयुष्याची हकिगत सांगायची आणि मी ती टाइप करायचो. आपल्या नातीला ते छापील वाचायला मिळावं, एवढीच तिची इच्छा. लॅपटॉप मुलाचा जुना. पुण्याला जाताना त्यानं त्यात विंडोज काढून लिनक्स बसवून दिलं होतं. 'बाबा, हे फुकट आहे आणि व्हायरसची कटकट नाही,' म्हणाला होता.

पहिली दहा-बारा पानं मजेत झाली. मग ताईची हकिगत तिच्या शाळेपर्यंत आली. ती सातवीत पहिली आली होती आणि त्याच वर्षी वडिलांनी तिला शाळेतून काढून कापूस वेचायला धाडलं. कारण दोघांना शिकवायची ऐपत नव्हती आणि मी मुलगा होतो. यात खोटं काही नव्हतं. पण माझ्या घरात ही गोष्ट कुणाला ठाऊक नव्हती. बायकोला, मुलाला मी आजवर एकच कथा ऐकवली होती, की मी फाटक्या चपलेनं, निव्वळ स्वतःच्या हिमतीवर शिकलो. मुलाच्या लग्नात पाहुण्यांनाही तीच ऐकवली.

म्हणून त्या रात्रीपासून मी ती फाइल आडबाजूला ठेवायला लागलो. तिला नाव दिलं 'वीजबिल'. आमच्या घरात वीजबिल माझ्याशिवाय कुणी उघडत नाही. फाइल ठेवली कुठे, तर मशीनच्या पार आतल्या एका फोल्डरमध्ये, जिथे विचित्र नावांची भेंडोळी पडलेली असतात. तिथे कुणी फिरकणार नाही अशी माझी खात्री होती.

आणि आता तो फोल्डर साफ होता. वर आणखी एक धक्का म्हणजे ज्या प्रोग्राममध्ये आम्ही लिहायचो, तोही गायब. चोरानं वही नेली ती नेली, जाताना दौत-टाकही घेऊन गेला.

ताई शेजारच्या खुर्चीवर बसून होती. "काय झालं?" तिनं विचारलं.

"दिसून नाही राह्यलं," मी म्हणालो.

"नाही राह्यलं म्हनजे?"

"गेलं, ताई. सगळं गेलं."

तिनं पिशवी उचलली आणि ती घरी गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही, तिसऱ्या दिवशीही नाही.

मी मात्र कामाला लागलो. पहिला संशय बायकोवर. तिनं ते वाचलं असणार आणि आपल्या नवऱ्याची अब्रू जाऊ नये म्हणून पुसलं असणार. मी तिच्या तोंडाकडे चोरून बघायचो. ती शांतपणे भाजी निवडायची आणि ती शांतताच मला खटकायची. दुसरा संशय भाच्यावर, म्हणजे ताईच्याच मुलावर. दसऱ्याला सोनं द्यायला आला तेव्हा मी चहाचं सांगायला आत गेलो होतो आणि तो लॅपटॉप असलेल्या खोलीत चांगली पंधरा मिनिटं एकटा बसला होता. 'आई, जुनं कायले उकरून राह्यली?' असं तो तिला म्हणाल्याचं मी या कानांनी ऐकलं होतं. पासवर्ड म्हणजे बायकोचं माहेर, ते तर गावाला माहीत. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते मला तेव्हा आठवायला हवं होतं.

एक गोष्ट लिहायला जड जाते, पण लिहितो. पानं गेली याचं वाईट वाटता वाटता मला आत कुठेतरी बरंही वाटलं होतं. सुंठीवाचून खोकला गेला, असं.

चौथ्या दिवशी मुलाला फोन लावला. भाच्याचं नाव पुराव्यासकट त्याच्यापुढे ठेवायचं होतं.

"आधी नोंद बघू," तो म्हणाला. "काय टाकलं, काय काढलं, सगळं मशीन लिहून ठेवतं."

नोंदवही म्हटल्यावर मला हुरूप आला. त्यानं सांगितली तशी अक्षरं पडद्यावरच्या काळ्या खिडकीत टाइप केली आणि नोंद समोर आली. तारीख खंडेनवमीची, वेळ सकाळी साडेदहाची. प्रोग्राम काढणाऱ्या खात्याचं नावही शेवटी होतं. ते माझंच होतं.

मग आठवलं. नवमीला आमच्याकडे हत्यारं धुऊनपुसून पाटावर मांडतात. विळा, कुऱ्हाड, बायकोचं शिवणयंत्र आणि दोन वर्षांपासून लॅपटॉप. बाकीची हत्यारं घासली, मग हेही आतून घासावं म्हणून लिहायच्या प्रोग्रामसोबतच आलेला, चित्रं काढायचा एक भाग मी काढून टाकला. त्यानंतर इंटरनेटवर वाचून 'आता गरज नसलेलं सगळं काढ' असा हुकूम दिला. मशीननं भलीमोठी यादी दाखवून विचारलं, काढू का? मी न वाचता हो म्हटलं. खडूला सही मागणारा मी!

"तो भाग काढला की बाकीचे सुटे पडतात, मग तेही जातात," मुलगा म्हणाला. "प्रोग्राम पुन्हा टाकता येईल. पण त्यानं फाइल जात नाही, बाबा. फाइल ठेवली कुठे होती?"

मी फोल्डरचं नाव सांगितलं.

"तिथे मशीन आपल्या तात्पुरत्या गोष्टी टाकतं. बंद करून चालू केलं की तो फोल्डर आपोआप रिकामा होतो. तुम्ही तिथे कशाला ठेवली?"

उन्हाळ्यापासून मी लॅपटॉप बंद असा केलाच नव्हता, नुसतं झाकण लावायचो. नवमीला बायको म्हणाली, "हत्याराले एक दिवस तरी पुरता आराम द्या," म्हणून पहिल्यांदा बंद केला. फाइल परत मिळण्याची आशा नव्हती. मुलाला 'नंतर बोलू' म्हणून मी फोन ठेवला.

संध्याकाळी ताईकडे गेलो. ती ओट्यावर बसली होती. बस म्हणालीच नाही.

"मले वाटलं, तूच पुसलं," ती म्हणाली. "ते शाळेचं तुले नको होतं ना?"

"पुसलं नाही. लपवलं होतं. लपवलं म्हणून गेलं."

"लपवलं काहून?"

"लाज वाटली."

"शाळा माही गेली," ती म्हणाली, "अन् लाज तुले?"

दुसऱ्या दिवशी दुपारी ती आली. या खेपेला मी लॅपटॉप बैठकीत मांडला. बायको दिवाळीसाठी वाती वळत तिथेच बसली होती. नवीन फाइलला मी ताईचंच नाव दिलं आणि ती दर्शनी जागेवर ठेवली.

"पयल्यापासून सांगू?" ताईनं विचारलं.

"नाही. शाळेपासून."

ताईनं एकदा बायकोकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि सुरुवात केली. "मी सातवीत पयली आलती. भावाले शिकवाचं होतं म्हून मले शाळेतून काढलं."

वाती वळणारा हात थांबला. बायको माझ्याकडे बघत होती, ते न बघताही कळत होतं. मी ताईचं वाक्य होतं तसं टाइप केलं आणि म्हणालो, "पुढे सांग."